पळसाचं रोप दर उन्हाळ्यात वाळतं? उपटण्याआधी मूळ तपासा

टेकडीवर, माळावर किंवा शेताच्या बांधावर पळस लावणाऱ्या जवळजवळ प्रत्येक गटाकडून एकच तक्रार येते. पावसाळ्यात रोप लावलं, दिवाळीपर्यंत तळहाताएवढी पानं आली, थंडी सरता सरता ती गळली आणि एप्रिलमध्ये काडी कडकडीत वाळली. मे महिन्यात जगलेल्या रोपांची मोजणी झाली, तेव्हा वहीत ‘मृत’ अशी नोंद झाली. जूनमध्ये त्याच खड्ड्यात नवं रोप बसवलं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. असं काही वर्षं चाललं की गट ठरवून टाकतो, ‘आमच्याकडे पळस येत नाही.’ त्याच टेकडीच्या पायथ्याला मात्र कुणीही न लावलेले, कुणीही पाणी न घातलेले पळस उभे असतात आणि फाल्गुनात पेटल्यासारखे फुलतात.

‘आमच्याकडे येत नाही’ हे क्वचितच खरं असतं. पळसाची काडी वाळणं आणि पळस मरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वरची काडी गेली तरी खाली मूळ जिवंत असतं, आणि त्याच खड्ड्यात दुसरं रोप बसवण्यासाठी आपण कुदळ मारतो तेव्हा ते मूळ तोडतो. म्हणजे रोप उन्हाळ्याने नाही, आपल्या भरपाईच्या लागवडीने मरतं. म्हणून पहिली विनंती अशी की वाळलेलं रोप पाहून लगेच खणू नका. आधी तपासा.

जिवंत आहे की गेलं?

काडीच्या टोकाला नखाने खरवडून काही कळत नाही, कारण टोक वाळलेलंच असणार. बुंध्याजवळची माती हाताने दोन-तीन बोटं बाजूला करा. जिथे खोड संपून मूळ सुरू होतं तो भाग मोकळा करा आणि तिथे नखाने साल हलकेच खरवडा. आत हिरवट, पांढरट, ओलसर गाभा दिसला तर रोप जिवंत आहे. माती परत लोटा, वर थोडा पालापाचोळा टाका आणि निघा. आत तपकिरी, कोरडं, भुसभुशीत लागलं, किंवा काडी धरून हलकं ओढल्यावर सगळंच अलगद हातात आलं, तर ते खरंच गेलं आहे. शंका असेल तर जिवंत धरा. एक खड्डा एक पावसाळा रिकामा राहिला तर फारसं बिघडत नाही.

मोजणीची वेळही बदला. पळसाची मोजणी मे महिन्यात करण्यात अर्थ नाही. पाऊस लागून महिना-दीड महिना झाला की, म्हणजे जुलैअखेर किंवा ऑगस्टमध्ये मोजा. उन्हाळ्यात ‘मृत’ दिसलेल्या खड्ड्यांतून गवताच्या आड तीन-तीन पानांचे कोवळे, लवदार कोंब वर आलेले सापडतील. मोजणी करणाऱ्याला गवत बाजूला सारून बुंध्यापाशी बघायला सांगा, नाहीतर हे कोंब हमखास नजरेतून सुटतात. एखाद्या संस्थेला किंवा देणगीदाराला पावसाळ्याच्या आधीच अहवाल द्यायचा असेल, तर पळसापुरता वेगळा रकाना ठेवा : ‘काडी वाळली, मूळ तपासायचं’. एवढ्या एका रकान्याने अनेक रोपं वाचतात.

असं होतंच का?

पळस हे कोरड्या पानझडी रानाचं झाड. आठ महिने पाऊस नाही, उन्हाळ्यात दगड तापतो, मधूनच वणवा फिरतो, गुरं चरतात. अशा ठिकाणी लहान रोपाने वरच्या काडीवर जोर लावला तर ते टिकणार नाही. म्हणून पळसाचं रोप पहिली काही वर्षं जमिनीखाली वाढतं. सोटमूळ खोल जातं आणि गाजरासारखं जाड होत जातं, त्यात अन्न साठतं. वरची काडी पावसाळ्यापुरती येते, पानं त्या मुळासाठी अन्न तयार करतात आणि उन्हाळ्यात ती काडी वाळून गेली तरी रोपाचा मोठा तोटा होत नाही. पुढच्या पावसात मुळाच्या माथ्यावरून नवा कोंब येतो, बहुधा आधीपेक्षा जाड. मूळ पुरेसं भरलं की एका वर्षी आलेला कोंब उन्हाळा काढतो, आणि तिथून झाड उंची घ्यायला लागतं. तेंदू आणि साल या रानझाडांच्या रोपांचीही हीच रीत आहे. जंगलात काम करणाऱ्या माणसांना ही ठाऊक असते. ज्यांनी आधी कडुलिंब, शिसू किंवा ग्लिरिसिडिया लावला आहे, त्यांना मात्र पळस ‘हट्टी’ वाटतो, कारण ती झाडं वर्ष-दोन वर्षांत डोळ्यांना दिसेल अशी वाढ दाखवतात.

याचा उपयोगही करून घेता येतो. वाळलेली काडी तशीच राहिली तर तिला वाळवी लागते आणि ती खाली मुळाच्या माथ्यापर्यंत येऊ शकते. म्हणून मेअखेर, पाऊस यायच्या आधी, वाळलेली काडी जमिनीपासून दोन बोटं वर धारदार कात्रीने तिरकी छाटा. हिरवी असूनही वाकडी, खुरटलेली, गुरांनी ओरबाडलेली काडी असेल तर तीही छाटायला हरकत नाही. पहिल्या पावसानंतर दोन-चार कोंब फुटतील. त्या वर्षी सगळेच राहू द्या, कारण जितकी पानं तितकं मूळ भरणार. दुसऱ्या पावसाळ्यात सर्वांत सरळ आणि जोमदार कोंब ठेवून बाकीचे काढा.

मूळच वेटोळलं असेल तर

काही रोपं मात्र खरोखरच मरतात, आणि त्यामागचं सगळ्यात मोठं कारण मला रोपवाटिकेची पिशवी वाटतं. पळसाचं सोटमूळ वेगाने खाली जातं. छोट्या प्लॅस्टिक पिशवीत ते काही आठवड्यांतच तळ गाठतं आणि मग तळाशी गोल गोल फिरतं, किंवा छिद्रातून बाहेर पडून रोपवाटिकेच्या जमिनीत शिरतं. पिशवी उचलताना ते बाहेरचं मूळ तुटतं. आत उरतो तो वेटोळा. असं रोप वर्ष-दीड वर्ष पिशवीत ठेवलं की वरून टवटवीत, उंच, विकत घ्यावंसं दिसतं. जमिनीत गेल्यावर मात्र वेटोळ्याला खाली जाता येत नाही, आणि पहिल्याच कोरड्या हंगामात रोपाला खालचा ओलावा मिळत नाही.

म्हणून रोपवाटिकेत जाऊन सर्वांत उंच रोप उचलू नका. त्याच वर्षी उगवलेलं, पिशवीच्या छिद्रातून मूळ बाहेर न आलेलं लहान रोप घ्या. लावताना पिशवी पूर्ण फाडा आणि तळाचा वेटोळा असेल तर तो धारदार ब्लेडने सरळ कापून टाका. हात थरथरतो, पण वेटोळ्यासकट लावण्यापेक्षा हे बरं; कापलेल्या जागेवरून पळस नवी मुळं धरतो. स्वतः रोपं करत असाल तर उंच, अरुंद पिशव्या वापरा आणि त्या जमिनीवर न ठेवता जाळीवर किंवा बांबूच्या ताटीवर उचलून ठेवा. खाली हवा लागली की मुळाचं टोक आपोआप सुकतं आणि बाजूने मुळं फुटतात.

रानातून उगवलेलं रोप उपटून आणायचा मोह अनेकांना होतो. वर वीतभर दिसणाऱ्या रोपाचं मूळ खाली त्याच्या कितीतरी पट गेलेलं असतं. ते अखंड निघत नाही, त्यामुळे इथलंही जातं आणि तिथलंही.

पिशवी नकोच : बी थेट पेरा

माझा स्पष्ट कल इकडे आहे. पळस रोपाने लावण्याचं झाड नाही, पेरण्याचं आहे. जिथे पेरलं तिथेच मूळ उतरलं की अर्धे प्रश्न उद्भवतच नाहीत.

बी गोळा करण्याचा काळ साधारण एप्रिलअखेर ते जूनचा पहिला आठवडा. शेंग चपटी, वीतभरापेक्षा थोडी कमी, कोवळेपणी मखमली लव असलेली, आणि तिच्यात बी एकच, तेही अगदी टोकाला. बाकीची शेंग म्हणजे कागदासारखं पान, वाऱ्यावर गिरक्या घेत लांब जाण्यासाठी. शास्त्रीय नावातला ‘मोनोस्पर्मा’ हा शब्द त्या एकट्या बीवरूनच आला आहे. खाली पडलेल्या शेंगा उचलण्यापेक्षा झाडावरच तपकिरी होऊन सुकलेल्या, वाऱ्याने सुटू लागलेल्या शेंगा घ्या. टोकाशी दाबून पाहा. भरीव लागली तर बी आहे, पोकळ किंवा भोक पडलेलं असेल तर किड्याने आधीच खाल्लं आहे. जमिनीवर चार दिवस पडलेल्या शेंगांत किडक्या बियांचं प्रमाण फार असतं.

दुसरी महत्त्वाची गोष्ट, बी साठवू नका. पळसाचं बी फार काळ उगवणक्षम राहत नाही. मागच्या वर्षीचं डब्यात ठेवलेलं बी पेरून ‘उगवलंच नाही’ म्हणणारे दरवर्षी भेटतात. ताजं बी असेल तर त्याला आम्लात बुडवणं, उकळतं पाणी घालणं, खरवडणं, यातलं काहीच लागत नाही. रात्रभर साध्या पाण्यात भिजवलं तरी पुरतं, न भिजवता टाकलं तरी चालतं.

पेरणी पहिला दमदार पाऊस होऊन जमीन आतपर्यंत ओली झाल्यावर. रोहिणीच्या एखाद्या सरीवर भरवसा ठेवून पेरलं आणि मग पावसाने ओढ दिली, तर फुगलेलं बी वाळून जातं. मुरमाड जागेत दोन फुटांचा चौकोनी खड्डा खणू नका. पहार मारून, ती गोल फिरवून, हातभर खोल सैल भोक करा, त्यात तीच माती-मुरूम परत सैलसर भरा आणि वरच्या बोटभर मातीत बी आडवं टाका. त्यापेक्षा खोल घातलं तर कोंब वर येता येता कुजतो. पहारीने खालचा कडक थर फोडणं हेच खरं काम आहे, कारण मूळ त्या वाटेने खाली उतरतं. मोठ्या खड्ड्यात पावसाचं पाणी साचतं, आजूबाजूचं गवत उखडलं जातं आणि मोकळ्या मातीत नको ती तणं घुसतात. एका जागी दोन-तीन बिया टाका, थोड्या अंतरावर. उंदीर बी उकरून नेतात आणि उगवलेल्यांपैकी एखादं कमजोर निघतं, त्याची भरपाई तिथेच होते.

जमिनीबद्दल पळस फार नखरे करत नाही. काळी चिकण जमीन, पावसाळ्यात पाणी धरणारी सखल जागा, खारवट पट्टा, उथळ मुरूम, या सगळ्यांत तो उभा राहतो. त्याला फक्त सावली चालत नाही. दाट ग्लिरिसिडियाच्या खाली लावलेला पळस वर्षानुवर्षं काडीच राहील. तिथे आधी वरचं छत विरळ करावं लागतं.

पाणी किती?

पहिल्या उन्हाळ्यात रोज तांब्याभर पाणी घालणारे खूप जीव लावतात, आणि त्यामुळेच रोप अडचणीत येतं. वरचेवर थोडं पाणी मिळालं की मुळं वरच्या थरातच राहतात. सुट्टीत स्वयंसेवक आठ-पंधरा दिवस आले नाहीत की तो थर तापतो आणि रोप संपतं. घालायचंच असेल तर पंधरा-वीस दिवसांनी एकदा, पण भरपूर आणि खोल. रोपाशेजारी तिरकी पुरलेली पोकळ बांबूची नळी किंवा पाइपचा तुकडा असला की पाणी थेट खाली जातं. आळ्यावर सुकलेल्या गवताचं आच्छादन ठेवा, मात्र ते बुंध्याला टेकवू नका, वाळवी येते. नोव्हेंबरपर्यंत मूळ खाली उतरलेलं पेरणीचं रोप पाण्याशिवायही राहतं. काडी वाळेल, ते ठीक आहे.

आग आणि गुरं

मोठ्या पळसाची जाड साल साधारण वणवा सोसते आणि लहान रोप जळालं तरी मुळापासून पुन्हा येतं. पण दरवर्षी आग लागली तर मूळ भरायला उसंतच मिळत नाही. झाड वर्षानुवर्षं गुडघाभर उंचीचं झुडूप बनून राहतं. हे अनेक टेकड्यांवर दिसतं : वय पुष्कळ, उंची काही नाही. उपाय म्हणजे गवत सुकायला लागलं की, दिवाळीच्या सुमारास, रोपाभोवती दोन-अडीच फुटांचं गवत विळ्याने कापून घ्यायचं आणि लागवडीच्या कडेने जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढलेला पट्टा, काढायची. गवत मुळासकट उपटू नका. ते माती धरून ठेवतं आणि टेकडीवर त्याचा हक्क पळसाइतकाच आहे.

गुरांचा त्रास पळसाला इतर रोपांपेक्षा कमी. शेळ्यामेंढ्या तो सहसा सोडून देतात, म्हणूनच चरून उघड्या पडलेल्या माळावर शेवटी पळस उरलेला दिसतो. म्हशी मात्र पाला खातात. म्हशी फिरत असतील तर पहिली वर्षं बोरी-बाभळीच्या काट्यांचं कुंपण घाला.

ते रोप पळसाचंच आहे ना?

तीन पानं दिसली की पळस, असं समजून पुष्कळ गल्लत होते. पांगाऱ्यालाही त्रिदल पानं असतात, पण त्याच्या कोवळ्या खोडावर काटे असतात. जास्त फसवणारी आहे ती पळसवेल. तिची पानं पळसासारखीच, शेंगही टोकाला एक बी असलेली. घाटाच्या बाजूच्या रानातून ‘पळसाच्या’ म्हणून गोळा केलेल्या शेंगांत ती सहज मिसळते. रोप दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी उभं राहण्याऐवजी शेजारच्या झाडाकडे झुकून लांब, बारीक वेटाळे घालू लागलं, तर ती वेल आहे. ती वाईट नाही, आपल्याच रानातली आहे, पण बांधावर एकटी लावून तिचं झाड होणार नाही. शेंग गोळा करताना वर खोड कोणतं आहे ते बघणं, एवढाच यावर उपाय.

पिवळ्या पळसाबद्दलही खूप विचारलं जातं. पिवळ्या फुलांच्या झाडाचं बी पेरलं तर झाड पिवळंच फुलेल याची खात्री नाही. आसपास सगळे केशरी पळस असतात आणि पक्षी एकाचा पराग दुसऱ्यावर नेतात. आणि गुप्तधन, औषध अशा समजुतींपायी पिवळ्या पळसाची साल-मुळं खरवडली जातात, म्हणून असं झाड सापडलं तर त्याची जागा जाहीर करू नका.

कुठे लावू नये आणि कुठे लावावा

मोकळं गवताळ माळरान म्हणजे रिकामी जागा नव्हे. धाविक, चंडोल, माळटिटवी, लांडगा यांचं ते घर आहे, आणि त्यावर ओळीने झाडं लावली तर ते मोडतं. पळस लावायचाच असेल तर ओहोळाच्या काठाने, टेकडीच्या पायथ्याच्या सखल भागात, शेताच्या बांधावर, खारवटलेल्या पडीक जमिनीच्या कडेने, तोही विरळ. मराठवाडा, विदर्भ, खानदेश आणि देशावरच्या पळसखेड, पळसदेव, पळसगाव अशा गावांच्या नावांतून त्याची जुनी वस्ती दिसते. तुमच्या पंचक्रोशीत आधीपासून पळस असेल तर बी तिथूनच घ्या, दुसऱ्या जिल्ह्यातून मागवू नका.

आणि एवढा खटाटोप का करायचा, तर फेब्रुवारी-मार्चमधल्या माळाकडे बघा. बहुतेक झाडांची पानं गळालेली, पाणवठे आटत आलेले, आणि पळसाच्या प्रत्येक फुलात गोड मध. शिंजीर त्या फुलांवर लटकून चोच आत घालतो तेव्हा परागीभवन होतं. पळसाच्या परागीभवनात जांभळा शिंजीर हा सगळ्यांत कामाचा पाहुणा असल्याचं अभ्यासात दिसलं आहे, आणि खारीचाही त्यात वाटा आहे. सातभाई, साळुंक्या, बुलबुल, कोतवाल येतात. परदेशातून हिवाळ्यासाठी आलेल्या भोरड्यांचे थवे परत निघण्याआधी या झाडांवर तुटून पडतात, म्हणून त्यांना पळसमैना असंही म्हणतात. गोंदिया-गडचिरोलीकडे पळसावर लाखेचे किडे सोडतात, पत्रावळी-द्रोणांना पानं, दोरांना मुळांची साल, होळीच्या रंगाला फुलं. एका झाडाचा इतका आधार तुटला तर त्या दोन महिन्यांत पर्याय फार थोडे उरतात.

झाड मोठं झालं, पण फुलतच नाही

हा शेवटचा नेहमीचा प्रश्न. आधी वय बघा. बियांपासून आलेला पळस फुलायला बरीच वर्षं घेतो, आणि ती वर्षं मूळ भरण्याच्या काळानंतर मोजायला लागायची. झाड नक्की जुनं असेल तर फांद्यांवरचे कापल्याचे व्रण शोधा. पत्रावळींच्या पानांसाठी, भाताच्या राबासाठी किंवा लाखेसाठी दरवर्षी छाटलेल्या झाडाला लांबलचक पानाळ कोंब येतात, पण फुलोरा धरायला लागणारी जून फांदी उरत नाही. अशा झाडाच्या एका बाजूच्या फांद्या दोन-तीन वर्षं न छाटता ठेवा. छाटणाऱ्यांशी बोलून ठरवा की अर्धी झाडं या वर्षी, अर्धी पुढच्या वर्षी. पानांवर ज्यांचं पोट आहे त्यांना हे पटतं, कारण दोन वर्षं विसावलेलं झाड नंतर पानंही मोठी देतं. तिसरं कारण सावली. शेजारचं वेगाने वाढणारं परदेशी झाड वर गेलं असेल तर पळसाच्या माथ्यावर ऊन पडेल इतकी त्याची छाटणी करा, पण झाड तोडण्याच्या किंवा छाटण्याच्या परवानगीची आधी चौकशी करा. छाटणी पावसाळ्याच्या तोंडावर केली की पळसाला अख्खा वाढीचा हंगाम उन्हात मिळतो.